खिशातील हत्यार : बहुगुणी चाकूची निवड आणि निगा

सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, नीरा नदीच्या दक्षिण तीरावर खंडाळा तालुका वसला आहे. कोरडवाहू ज्वारी-बाजरी, विहिरीच्या व कालव्याच्या पाण्यावर कांदा आणि ऊस, ठिकठिकाणी डाळिंबाच्या बागा आणि जोडीस शेळ्या-मेंढ्या असे येथील शेतीचे मिश्र स्वरूप आहे. अशा शेतीत दिवसभरात लहानसहान कामे अनेक निघतात. ठिबकची नळी कोठे तरी फुटते, बियाण्याच्या पिशवीचे तोंड उघडावयाचे असते, कांद्याच्या गोणीची शिवण उसवते, फवारणी पंपाच्या तोंडात कचरा अडकतो, कुंपणाची तार सैल होते. काम पाच मिनिटांचे असते; परंतु त्यासाठी लागणारे हत्यार घरी राहिलेले असते आणि वस्तीवरून शेतात पुन्हा येण्यात अर्धा-पाऊण तास जातो. विळा, खुरपे व कोयता ही शेतकऱ्याची मुख्य हत्यारे होत. त्यांच्या जोडीला खिशात सदैव राहील असे एखादे चांगले हत्यार असणे ही चैन नव्हे, ती सोय आहे. मात्र ते नीट पारखून घेतले पाहिजे, कारण वाईट हत्यार पैसा तर घालवतेच, पण प्रसंगी बोटही घालवते.

बहुगुणी चाकूचे दोन प्रकार

बाजारात दोन प्रकारची हत्यारे मिळतात. पहिला प्रकार घडीच्या चाकूचा. ह्यात पात्याबरोबर लहान करवत, पेचकस, डबा उघडण्याचे पाते व टोचा अशी साधने एकाच मुठीत मिटवून ठेवलेली असतात. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सेनर यांनी 1884 साली सुरू केलेल्या कारखान्यातून 1891 पासून त्या देशाच्या सैनिकांना असे चाकू पुरविण्यात येऊ लागले. दुसरा प्रकार पक्कड असलेल्या हत्याराचा, ज्यास मल्टीटूल म्हणतात. अमेरिकेतील टिम लेदरमन यांना 1975 साली युरोपात जुन्या मोटारीतून प्रवास करताना आपल्या खिशातील चाकूला पक्कडही असती तर बरे झाले असते, असे वारंवार वाटले. त्यातून तयार झालेले हत्यार 1983 साली विक्रीस आले. ह्या प्रकारात मूठ उलगडली की मधोमध पक्कड येते आणि बाकीची साधने मुठीच्या दोन बाजूंत राहतात.

ज्यास तार, नळ, नटबोल्ट ह्यांच्याशी वरचेवर काम पडते त्याने पक्कडीचा प्रकार घ्यावा. ज्यास प्रामुख्याने कापण्या-सोलण्याचे काम असते त्यास घडीचा चाकू पुरेसा आहे. तो वजनाने हलका असतो व खिशात जड होत नाही. जे हत्यार जड म्हणून घरी ठेवले जाते ते कितीही उत्तम असले तरी निरुपयोगीच.

प्रथम कामांची यादी, नंतर खरेदी

दुकानात गेल्यावर साधनांची संख्या पाहून पुष्कळजण भुलतात. एका मुठीत पंधरा-वीस साधने असली म्हणजे हत्यार चांगले, असा समज आहे. तो बरोबर नाही. साधने जितकी अधिक तितकी प्रत्येक पातळ व कमकुवत होण्याचा संभव अधिक. म्हणून खरेदीपूर्वी आठ दिवस एक साधा प्रयोग करावा. शेतात ज्या ज्या वेळी हत्याराची उणीव भासेल त्या त्या वेळी ते काम वहीत टिपून ठेवावे. आठवड्याच्या अखेरीस असे दिसून येईल की, बहुतेक कामे पाते, पक्कड, पेचकस व टोचा ह्या चार साधनांत भागतात. लोणंदच्या बाजारात कांदा नेणाऱ्यास गोणीच्या शिवणीसाठी टोचा उपयोगी पडेल. बागाइतदारास नळी सरळ कापणारे पाते हवे. मेंढपाळास मजबूत टोकाचे साधन हवे. आपल्या यादीतील चार साधने ज्यात भक्कम आहेत ते हत्यार आपले.

पात्याचे पोलाद

चाकूचा जीव त्याच्या पात्यात असतो. पात्याचे पोलाद दोन प्रकारचे असते. साध्या पोलादास धार चटकन लागते व ती चांगली टिकते, पण घाम, चीक व ओल लागताच त्यास गंज चढतो. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम हा धातू किमान साडेदहा टक्के मिसळलेला असतो. ते गंजास दाद देत नाही असे नव्हे, पण गंज उशिरा धरते. पावसात, खतात व फवारणीच्या औषधांत वावरणाऱ्या शेतकऱ्यास दुसरा प्रकार अधिक सोईचा.

पोलादास पाणी कसे दिले आहे ह्यावर धार अवलंबून असते, हे आपला गावचा लोहार जाणतो. पोलाद तापवून एकदम थंड केले की ते कठीण होते. परंतु तसेच ठेवल्यास काचेसारखे ठिसूळ राहते. म्हणून त्यास पुन्हा बेताने तापवून चिवटपणा आणावा लागतो. खिशातील चांगल्या हत्यारांच्या पात्यांचे काठिण्य रॉकवेल मापाने साधारणतः 54 ते 58 असते. वेष्टणावर हा आकडा दिलेला असल्यास तो पाहावा.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. लोहचुंबक चिकटले की पोलाद हलके, न चिकटले की उत्तम स्टेनलेस, असे भांड्यांच्या बाबतीत म्हटले जाते. चाकूच्या पात्यास हा नियम लावू नये. भांड्यांच्या चांगल्या स्टेनलेसला पाणी देऊन कठीण करता येत नाही आणि बहुधा त्यास चुंबक धरत नाही. पात्याचे जे पोलाद पाणी घेते त्यास चुंबक धरते. म्हणून ज्या पात्याला चुंबक मुळीच चिकटत नाही ते बहुधा भांड्याच्या पत्र्याचे आहे, असे समजून ते घेऊ नये. अर्थात चुंबक चिकटले एवढ्यावरून पाते उत्तम ठरत नाही.

पात्याची लांबी अडीच ते तीन इंच पुरते. त्याहून लांब पाते खिशात अडचण करते व बारीक कामात हाती नीट वळत नाही.

दुकानात करावयाची पारख

खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी स्वतः करून पाहाव्यात. दुकानदार त्यास हरकत घेईल तर दुसरे दुकान पाहावे.

1. पाते उघडून त्याचे टोक बोटांच्या चिमटीत धरावे व दोन्ही बाजूंस हलकेच हलवावे. बिजागरीत पाते डुलत असेल तर ते पुढे अधिकच सैल होईल.

2. पाते उघडल्यावर खटका पूर्ण बसतो की नाही ते पाहावे. खटका बसल्यावर पात्याच्या पाठीवर तळहाताने बेताचा दाब द्यावा. पाते मिटू लागल्यास हत्यार परत करावे. काम करताना पाते अचानक मिटून बोटांवर येणे हा खिशातील चाकूचा मोठा धोका आहे. ज्या चाकूस खटका नाही त्याने टोचण्याचे व जोर लावून रेटण्याचे काम करूच नये.

3. पक्कड मिटवून उजेडासमोर धरावी. टोकाशी जबडे एकमेकांस मिळाले पाहिजेत. टोकाशी फट दिसत असेल तर बारीक तार पकडली जाणार नाही.

4. पक्कडीत तार धरून मूठ जोराने आवळावी. मूठ वाकत असेल किंवा तिची कड तळहातात रुतत असेल तर ते हत्यार दिवसभराच्या कामाचे नाही.

5. प्रत्येक साधन नखाने किंवा बोटाने उघडून पाहावे. जे साधन दुकानात निघत नाही ते चिखलाने भरलेल्या हातांनी शेतात निघणार नाही.

6. जोड रिबिटांचे आहेत की स्क्रूचे, ते पाहावे. स्क्रूचा जोड सैल झाल्यास घरी आवळता येतो. सुटे भाग व दुरुस्ती मिळते का, हेही विचारावे.

स्वस्त कोणते, महाग कोणते

समजा, एक हत्यार 300 रुपयांस मिळाले व एका वर्षात निकामी झाले. दुसरे 1,800 रुपयांस मिळाले व दहा वर्षे टिकले. पहिल्याचा वार्षिक खर्च 300 रुपये झाला, दुसऱ्याचा 180. हिशेब असा सरळ असला तरी 1,800 रुपये एकदम काढणे प्रत्येकास शक्य नसते, आणि महाग वस्तू हरवली तर नुकसानही मोठे होते. अशा वेळी हलक्या प्रतीचे बहुगुणी हत्यार घेण्यापेक्षा खटक्याचा एक चांगला साधा चाकू व एक स्वतंत्र चांगली पक्कड घ्यावी. दोन खरी हत्यारे वीस खोट्या साधनांहून बरी. हत्यारास दोरी बांधून ती कमरेस अडकविल्यास ते हरवण्याची भीती कमी होते.

नवे हत्यार पारखूनच स्वीकारण्याची ह्या भागातील शेतकऱ्यांची रीत जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1903 साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शंका घेतली गेली व सुरुवातीस नांगर खपेनात. शेतात प्रत्यक्ष काम पाहिल्यावरच लोकांनी तो पत्करला. पुढे 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. जाहिरातीपेक्षा कामावरून हत्यार ओळखावे, हा त्यातील बोध आजही लागू आहे.

ह्या हत्याराने काय करू नये

विजेच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये किंवा फ्यूजमध्ये खिशातील हत्यार कधीही घालू नये. तीन फेज पुरवठ्याचा दाब 415 व्होल्ट असतो आणि ह्या हत्यारांची मूठ बहुधा धातूची असते. मुठीवर प्लॅस्टिक असले तरी ते विजेपासून संरक्षण देण्यासाठी बसविलेले नसते. ओल्या पायांनी, रात्रीच्या पाळीत, एका फ्यूजसाठी जीव गमावण्याचे प्रसंग घडतात. हे काम जाणकार तारतंत्र्याकडूनच, पुरवठा बंद करून करवून घ्यावे.

कलम बांधणे व डोळा भरणे ह्यांसाठी ह्या चाकूचा उपयोग करू नये. त्या कामास एकाच बाजूने धार असलेला, अतिशय तीक्ष्ण व स्वच्छ असा स्वतंत्र चाकू लागतो. काप सपाट न पडल्यास सांधा जुळत नाही. घट्ट गंजलेले मोठे नटबोल्टही पक्कडीने उघडू नयेत. त्यास योग्य मापाचा पाना घ्यावा. पात्याचा उपयोग पहारीसारखा उचकटण्यासाठी केल्यास टोक मोडून डोळ्यात जाण्याचा धोका असतो.

पात्याबरोबर फिरणारे रोग

खिशातील चाकू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो, तसा रोगही जातो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. डाळिंबावरील तेल्या रोगाचे जिवाणू छाटणीच्या हत्यारांवरून निरोगी झाडात शिरतात. उसाचा खोडवा खुरटविणारा रोगही बेणे तोडणाऱ्या कोयत्याच्या पात्यावरून पसरतो. म्हणून रोगट झाड कापल्यावर पाते प्रथम पुसून चीक काढावा व नंतर ते सोडियम हायपोक्लोराइटच्या अडीच टक्के द्रावणात बुडवून मगच पुढील झाडास लावावे. हे द्रावण न गंजणाऱ्या पोलादासही खाते. त्यामुळे काम संपताच हत्यार स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, कोरडे करून तेल लावावे. जनावरांचे खूर साफ करण्याचे हत्यार अगदी निराळे ठेवावे, आणि कीटकनाशकाची पिशवी ज्या पात्याने फोडली त्याने भाकरी-कांदा कापू नये.

निगा

आठवड्यातून एकदा सर्व साधने उघडून सांध्यांतील माती जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने काढावी. धुऊन उन्हात वाळवावे व प्रत्येक सांध्यात यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. गोडे तेल काही दिवसांनी चिकट होते व धूळ धरते, म्हणून ते टाळावे.

धार लावताना पाते दगडावर सपाट ठेवून त्याची पाठ रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश इतकी वर उचलावी. पाते 15 मिलिमीटर रुंद असेल तर पाठ 5 मिलिमीटर वर राहील. हा कोन न बदलता दोन्ही बाजूंस सारखेच हात द्यावेत. विजेच्या चाकावर पाते लाल-निळे होईपर्यंत घासल्यास त्याचे पाणी उतरते व पुढे धार टिकत नाही. बोथट पात्याला जोर अधिक लावावा लागतो आणि हात सटकतो. म्हणून धारदार हत्यार हे बोथटाहून सुरक्षित असते. कापताना पाते नेहमी अंगापासून दूर चालवावे.

इतके करूनही हात कापला तर जखम साबण व स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावी. माती, शेण किंवा राख लावू नये. मातीत व शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीज असते. जखम लहान असली तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या लशीविषयी विचारावे.

कायदा व जबाबदारी

केवळ घरगुती अथवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू 1959 च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत. तथापि 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 अन्वये मनाई आदेश जारी असताना चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. म्हणून यात्रा, मिरवणूक व सभा अशा ठिकाणी जाताना हत्यार घरी ठेवावे. विमानात ते जवळ बाळगता येत नाही. घरात ते मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी असावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी मेळाव्यात एक चांगले व एक हलके हत्यार शेजारी शेजारी ठेवून वर सांगितलेली पारख सर्वांसमोर करून दाखवावी. खटका कसा तपासावा आणि पाते निर्जंतुक कसे करावे, ह्या दोन गोष्टी जरी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एकदा करून पाहिल्या, तरी बोटे व बागा ह्या दोन्हींचे रक्षण होईल.