मोटारगाडीतील स्पर्शपटल

मोटारगाडीतील स्पर्शपटल म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डवर बसवलेला आणि बोटाच्या स्पर्शाने चालणारा पडदा होय. बोलण्यात त्यास टचस्क्रीन म्हणतात. संगीत, नकाशा, दूरध्वनी व वातानुकूलन ही कामे त्यावरून करता येतात. काही गाड्यांत वायपर, दिवे आणि आरसे यांचे नियंत्रणही त्यावरच असते. पूर्वी यांपैकी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र बटण, गोल नॉब किंवा दांडी असे. इ.स. २०१० नंतर बहुतेक उत्पादकांनी अशी नियंत्रणे कमी करून ती पडद्यावर नेली. या बदलाविषयी मोटारप्रेमी, अभियंते आणि रस्ता सुरक्षेचे अभ्यासक यांच्यात मतभेद आहेत. वादाचा गाभा असा, की सवयीचे बटण हाताला न पाहता सापडते; पडद्यावरील खूण मात्र डोळ्यांनीच शोधावी लागते, आणि तेवढा वेळ चालकाची नजर रस्त्यावर नसते.

पार्श्वभूमी

'डॅशबोर्ड' हा शब्द घोडागाडीच्या काळातील आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून समोर जी आडवी फळी लावत, तिला हे नाव होते. मोटारगाडी आल्यावर फळीचे मूळ प्रयोजन संपले. पुढे तिच्या जागी वेगदर्शक, इंधनदर्शक आणि खटके आले.

सुरुवातीच्या मोटारींत नियंत्रणांची जागा ठरलेली नव्हती. फोर्ड मॉडेल टी (१९०८–१९२७) या गाडीत तीन पेडल होती. डावे गिअरसाठी, मधले मागे जाण्यासाठी आणि उजवे ब्रेकसाठी; वेग वाढवण्याचे काम सुकाणूचक्राखालील दांडीने हाताने करावे लागे. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांची आज परिचित असलेली मांडणी १९१६ च्या कॅडिलॅक टाइप ५३ या गाडीत आढळते. ती हळूहळू सर्वत्र रूढ झाली. त्यामुळे एक गाडी चालवता येणाऱ्यास दुसरी गाडी फारसे न शिकता चालवता येऊ लागली.

ही एकरूपता पूर्ण नाही. भारतात जपानी वळणाच्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी बहुधा सुकाणूचक्राच्या उजवीकडे, तर काही युरोपीय गाड्यांत डावीकडे असते. गाडी बदललेला चालक वळताना इंडिकेटरऐवजी वायपर सुरू करतो, तो यामुळेच. हाताची सवय किती खोलवर रुजते याचे हे साधे उदाहरण आहे.

इतिहास

स्पर्शपटल असलेली पहिली उत्पादित मोटारगाडी म्हणून १९८६ च्या ब्युइक रिव्हिएराचा उल्लेख केला जातो. या अमेरिकी गाडीत जुन्या दूरचित्रवाणी संचांप्रमाणे काचनळीचा छोटा पडदा होता. रेडिओ, वातानुकूलन व प्रवासाविषयीची माहिती त्यावर मिळे. साध्या कामासाठीही पडद्याकडे पाहावे लागते, अशी तक्रार तेव्हापासूनच होऊ लागली. पुढे कंपनीने हा पडदा काढून पुन्हा बटणे दिली.

बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये सातव्या मालिकेच्या गाडीत 'आयड्राइव्ह' ही यंत्रणा आणली. तिचा पडदा स्पर्शाने चालत नसे. आसनांच्या मधोमध असलेला एक मोठा नॉब फिरवून व दाबून पडद्यावरील याद्यांतून निवड करावी लागे. ख्रिस बँगल हे त्या वेळी कंपनीच्या आरेखन विभागाचे प्रमुख होते. या गाडीच्या बाह्य आकारावर मोटारप्रेमींनी जितकी टीका केली, तितकीच आयड्राइव्हवरही केली. कालांतराने यंत्रणेत सुधारणा झाली, नेहमीच्या कामांसाठी वेगळी बटणे आली आणि तो नॉब चालकांच्या अंगवळणी पडला. पुढे २०२२ च्या एक्स१ या गाडीतून कंपनीने तो वगळला, तेव्हा अनेक मोटारप्रेमींना त्याचीच उणीव भासली.

मोठ्या पडद्याची लाट टेस्लाच्या मॉडेल एस (२०१२) या गाडीपासून आली. तिच्यात १७ इंची उभे स्पर्शपटल होते. मॉडेल ३ (२०१७) या गाडीत चालकासमोरचा वेगदर्शकही नाही. वेग मधल्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो. वातानुकूलनाच्या झोताची दिशा बदलणे आणि समोरचा कप्पा उघडणे हीदेखील पडद्यावरचीच कामे झाली. तोपर्यंत स्मार्टफोनमुळे लोकांना स्पर्शाने यंत्र हाताळण्याची सवय झालेली होती.

प्रसाराची कारणे

स्पर्शपटलाचा प्रसार केवळ हौसेतून झालेला नाही. त्यामागील प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

खर्च: प्रत्येक बटणासाठी साचा, तारांची जोडणी, चाचणी आणि बसवणी लागते. पडदा एकदा बसवला की त्यावर कितीही खुणा दाखवता येतात.

बदलाची सोय: गाडी विकल्यानंतरही संगणकीय आज्ञावली बदलून नव्या सोयी देता येतात. बटणाची जागा मात्र गाडीच्या आरेखनाच्या वेळीच निश्चित करावी लागते.

नियम: अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांत मागील बाजू दाखवणारा कॅमेरा अनिवार्य झाला. कॅमेऱ्याचे चित्र दाखवण्यासाठी पडदा लागतोच.

मोबाइलची जोड: ॲपल कारप्ले (२०१४) व अँड्रॉइड ऑटो (२०१५) यांमुळे मोबाइलवरील नकाशा व संगीत गाडीच्या पडद्यावर आले.

दर्शनी रूप: खटके नसलेला सपाट डॅशबोर्ड आधुनिक समजला जातो. दालनात उभ्या असलेल्या गाडीत मोठा पडदा ग्राहकाचे लक्ष चटकन वेधून घेतो.

मोटारप्रेमींची मते

विरोधकांचा पहिला आक्षेप स्पर्शज्ञानाविषयी आहे. नॉबला आकार, कडा आणि अडसर असतात. तो किती फिरला हे बोटांना कळते. गुळगुळीत काचेवर अशी कोणतीही खूण नसते. खड्ड्यांच्या रस्त्यावर हात हलतो आणि बोट भलत्याच जागी पडते. दुसरा आक्षेप पायऱ्यांचा आहे. पंख्याचा वेग वाढवण्यासाठी आधी योग्य पान उघडावे लागते, मग खूण शोधावी लागते, आणि काम झाले की नाही हे पुन्हा पाहावे लागते.

तिसरा आक्षेप आयुष्याविषयी आहे. जुन्या गाडीचा एक खटका बिघडला तर तेवढेच काम थांबते व खटका बदलता येतो. पडदा बंद पडल्यास अनेक कामे एकदम थांबतात. टेस्लाने २०२१ मध्ये अमेरिकेतील सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या. पडद्याच्या यंत्रणेतील स्मृतिचकती झिजून मागचा कॅमेरा व काचेवरील धुके घालवणारी यंत्रणा यांचे नियंत्रण बंद पडण्याचा धोका होता. आज घेतलेल्या गाडीचा पडदा ३०–४० वर्षांनी कोण दुरुस्त करील, हा जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांचा प्रश्न आहे.

समर्थकांचे म्हणणेही दुर्लक्षणीय नाही. आधुनिक गाडीत इतक्या सोयी असतात, की प्रत्येकीसाठी बटण दिल्यास डॅशबोर्ड बटणांनी भरून जाईल. २००९ च्या पोर्शे पॅनामेरात गिअरच्या दांडीभोवती बटणांच्या लांब रांगा होत्या आणि त्यांवरही गोंधळात टाकणाऱ्या म्हणून टीका झाली होती. मोठ्या पडद्यावर नकाशा स्पष्ट दिसतो, तसेच गाडी उभी असताना एकदाच करावयाच्या मांडण्या पडद्यावर सोप्या जातात. त्यामुळे अनेक मोटारप्रेमी मध्यममार्ग सुचवतात: धावत्या गाडीत वारंवार लागणारी नियंत्रणे बटणावर असावीत आणि उरलेली पडद्यावर.

सुरक्षितता

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. दोन सेकंद नजर पडद्यावर राहिली, तर सुमारे ५६ मीटर अंतर चालकाने न पाहताच कापलेले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये ऐच्छिक मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार गाडीतील उपकरण हाताळताना एका वेळी नजर दोन सेकंदांहून अधिक हटू नये आणि संपूर्ण कामासाठी ती एकूण १२ सेकंदांहून अधिक लागू नये.

स्वीडनमधील 'वी बिलेगरे' या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये एका विमानतळाच्या धावपट्टीवर तुलनात्मक चाचणी घेतली. ११ नव्या गाड्या व २००५ ची एक जुनी व्होल्वो व्ही७० त्यात होत्या. चालकांना गाडीशी परिचय करून घेण्यास आधी वेळ दिलेला होता. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना वातानुकूलन, रेडिओ इत्यादींची चार ठरावीक कामे करण्यास जुन्या व्होल्वोत १० सेकंद लागले. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर पुढे गेली. सर्वात मागे राहिलेल्या एमजी मार्व्हल आर या गाडीत ४४.९ सेकंद लागले आणि अंतर १,३७२ मीटर झाले. मात्र डॅशिया सँडेरो व व्होल्वो सी४० या पडदा असलेल्या गाड्यांत १४ सेकंदांहून कमी वेळ लागला. पडद्यावरील मांडणी साधी असेल तर फरक बराच कमी होतो, असे यावरून दिसते. ही चाचणी मोजक्याच गाड्यांची होती.

हा प्रश्न मोटारीपुरता मर्यादित नाही. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅककेन' ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळून १० नौसैनिक मृत्युमुखी पडले. चौकशीत अपुऱ्या प्रशिक्षणाबरोबरच स्पर्शपटलावर आधारित सुकाणू व वेग नियंत्रण यंत्रणेतील गोंधळही कारणीभूत आढळला. त्यानंतर नौदलाने अशा जहाजांवर वेगनियंत्रणासाठी पुन्हा हाताच्या दांड्या बसवण्याचे ठरवले.

कायदा आणि मानके

जर्मनीत एका टेस्लाचालकाने पावसात वायपरचा वेग पडद्यावरून बदलताना गाडी रस्त्याबाहेर नेली. त्यास २०० युरो दंड व एक महिना वाहन चालवण्यास मनाई अशी शिक्षा झाली. कार्ल्सरूह येथील उच्च प्रादेशिक न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ती कायम ठेवली. गाडीत कायमस्वरूपी बसवलेले स्पर्शपटलही कायद्याच्या दृष्टीने इलेक्ट्रॉनिक उपकरणच ठरते, मग त्यावरून कोणतेही काम केलेले असो, असा या निर्णयाचा आशय होता.

युरोपातील गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने आपले निकष जानेवारी २०२६ पासून बदलले. इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीची हाक या पाच कामांसाठी स्वतंत्र भौतिक नियंत्रणे असणे पूर्ण गुणांसाठी आवश्यक करण्यात आले. हा कायदा नव्हे. तथापि पाच ताऱ्यांचा विक्रीवर परिणाम होत असल्याने उत्पादक अशा निकषांची दखल घेतात.

बटणांचे पुनरागमन

होंडाने अमेरिकेतील सिव्हिकमधून काढलेला आवाजाचा नॉब २०१९ मध्ये परत आणला. २०२० च्या जॅझमध्ये वातानुकूलनासाठीही पुन्हा नॉब दिले. फोक्सवॅगनच्या आठव्या गोल्फमधील (२०१९) स्पर्शपट्ट्यांना उजेड नसल्याने त्या रात्री दिसत नसत. २०२४ च्या सुधारित गाडीत पट्ट्यांना उजेड आणि सुकाणूचक्रावर दाबायची बटणे आली. टेस्लाने मॉडेल ३ मधून २०२३ मध्ये इंडिकेटरची दांडी वगळली होती, परंतु २०२५ च्या नव्या मॉडेल वायमध्ये ती ठेवली.

सर्वांची वाटचाल मात्र एकाच दिशेने नाही. माझदाने २०१९ च्या माझदा ३ मध्ये पडद्याची स्पर्शसोय मुद्दाम काढून नॉब दिला होता. त्याच कंपनीची २०२५ मध्ये सादर झालेली नवी सीएक्स-५ मोठ्या स्पर्शपटलाकडे वळली आहे.

भारतातील स्थिती

मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत गिअरची दांडी सुकाणूचक्राला लागून होती आणि डॅशबोर्डवर मोजकेच खटके असत. आज पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्र एक्सईव्ही ९ई (२०२४) या गाडीत १२.३ इंची तीन पडदे शेजारी शेजारी आहेत. टाटा नेक्सॉनच्या २०२३ च्या आवृत्तीत वातानुकूलनासाठी स्पर्शपट्टी असून, तापमान व पंख्यासाठी मात्र वर-खाली हलणारे खटके ठेवले आहेत.

भारतात सुकाणूचक्र उजवीकडे असल्याने मधला पडदा डाव्या हाताने हाताळावा लागतो, आणि बहुसंख्य लोक उजवे असतात. पावसाळ्यात घाटातून जाताना समोरच्या काचेवर आतून बाष्प धरते व काही क्षणांत रस्ता दिसेनासा होतो. अशा वेळी काचेवर हवा सोडणारे नियंत्रण तत्काळ हाताशी असणे आवश्यक ठरते. ओल्या बोटांना स्पर्शपटल नीट प्रतिसाद देत नाही, ही अडचणही याच दिवसांत जाणवते. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मध्ये वाहन चालवताना हातात धरलेल्या संपर्क साधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात गणला आहे. त्या तरतुदीचा रोख मोबाइलवर आहे.

हेही पहा

डॅशबोर्ड
रस्ता सुरक्षा
युरो एनकॅप
प्रीमियर पद्मिनी