पर्वतेश्वर शिवाला का सोडतो? भोरच्या वाचकाला पडणारा प्रश्न

(पुढे कथेचा शेवट उघड होतो. पुस्तक वाचायचं असेल तर इथेच थांबा.)

अमिश त्रिपाठींच्या शिव त्रयीचं तिसरं पुस्तक 'वायुपुत्रांची शपथ' मूळ इंग्रजीत २०१३ मध्ये आलं. मेलुहा साम्राज्य ज्या सोमरसावर उभं आहे, तोच नष्ट करायला शिव निघतो. युद्ध पेटतं आणि शिवाला देव मानणारा सेनापती पर्वतेश्वर मेलुहाकडून लढतो. बरेच वाचक इथे चिडतात.

भोर-वेल्ह्याच्या मुलखाला हा पेच जुना आहे. १६५९ मध्ये अफजलखान चालून आला, तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्मानं आली: खानाला सामील व्हा. कारीचे कान्होजी जेधे फर्मान घेऊन पाच मुलांसह थेट शिवरायांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडलं. त्याच खोऱ्यातल्या उत्रवळीचे खंडोजी खोपडे मात्र खानाला मिळाले.

त्यामुळे इथल्या वाचकाला पर्वतेश्वर आधी खोपडेच वाटतो. पण त्याला ना वतन हवंय, ना इनाम. शिवाचं बरोबर आहे हेही तो मान्य करतो. कान्होजींनी एका बादशहाची चाकरी सोडली. पर्वतेश्वराला मायभूमीच सोडावी लागली असती. ते त्याला जमत नाही.

सतीच्या हत्येनंतर शिव देवगिरीवर पशुपतास्त्र सोडतो. त्याआधी लोकांना शहराबाहेर पडायची मुभा मिळते. पर्वतेश्वर आतच थांबतो. सोबत पत्नी आनंदमयीही थांबते; तिचा सख्खा भाऊ भगीरथ शिवाच्या सैन्यात असतो.