कामानंतरचे तास

शाळेच्या मैदानात दोन खांब रोवून व्हॉलीबॉलची जाळी बांधलेली नाही, असा तालुका महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. हा खेळ आणि बास्केटबॉल हे दोन्ही एकाच संस्थेच्या व्यायामशाळांत, चार वर्षांच्या अंतराने जन्मले. ती संस्था मुळात खेळांची नव्हतीच. काही तरुण ख्रिस्ती नोकरांनी प्रार्थनेसाठी ती काढली होती. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजे आपल्या ओळखीची वायएमसीए. प्रार्थनेच्या खोलीतून चेंडू बाहेर कसा पडला, या कुतूहलापोटी मी तिचा इतिहास वाचू लागलो.

जॉर्ज विल्यम्स हा इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या शेतकरी घरातला मुलगा. लंडनला आला आणि सेंट पॉल कॅथीड्रलजवळच्या हिचकॉक अँड रॉजर्स या कापडाच्या पेढीत नोकरीला लागला. तिथे सुमारे १४० नोकर होते. त्या काळच्या कापडदुकानांत दिवसाला बारा-चौदा तास उभं राहून काम करावं लागे आणि झोपायची सोय दुकानाच्याच वरच्या मजल्यांवर असे, बऱ्याच ठिकाणी एका पलंगावर दोघं. रात्री दुकान बंद झालं की दारूचा गुत्ता किंवा रस्ता, याखेरीज जायला जागा नाही. विल्यम्स आणि त्याचे सोबती झोपायच्या खोलीतच प्रार्थनेला बसू लागले. ६ जून १८४४ रोजी अशाच एका खोलीत बारा जणांनी संस्था स्थापली. ते वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चर्चमध्ये ज्यांची बाकं वेगळी, ते दमलेल्या अंगाने एकत्र बसले. पुढे विल्यम्स पेढीच्या मालकाचा जावई आणि भागीदार झाला, १८९४ मध्ये ‘सर’ही झाला. पण संस्थेचा पाया त्याच्या नोकरीच्या दिवसांतच घातला गेला होता.

पुढचा विस्तार झपाट्याने झाला. १८५१ मध्ये मॉन्ट्रियल आणि बॉस्टन. १८५५ मध्ये पॅरिसला जागतिक संघ. त्यात जिनिव्हाचा आंरी द्युनां होता, ज्याने नंतर रेडक्रॉसची पायाभरणी केली. मुंबईची शाखा १८७५ ची.

आता त्या चेंडूकडे. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत अठरा जणांचा एक वर्ग कवायतीला कंटाळून अनावर झाला होता. बाहेर बर्फ. प्रमुख ल्यूथर ग्युलिक यांनी जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकाला चौदा दिवस दिले: आत खेळता येईल असा नवा खेळ शोध. नेस्मिथ कॅनडातला, धर्मशास्त्र शिकलेला. त्याने आधी फुटबॉलसारखे खेळ छपराखाली आणून पाहिले, तर पोरं एकमेकांना लोळवू लागली.

मग त्याने ज्या क्रमाने विचार केला, तो मला कोणत्याही यंत्राच्या आराखड्याइतका देखणा वाटतो. माणसं एकमेकांवर का तुटून पडतात? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायचं असतं म्हणून. तर मग चेंडू घेऊन पळायचंच नाही. गोलाकडे चेंडू जोरात का मारतात? गोल समोर, जमिनीलगत असतो म्हणून. तर मग तो डोक्यांच्या वर न्यायचा आणि आडवा धरायचा. तिथे ताकद उपयोगाची नाही, चेंडू अलगद कमानीतच टाकावा लागतो. शाळेच्या रखवालदाराकडे त्याने खोकी मागितली; मिळाल्या पीच फळांच्या दोन टोपल्या. त्या त्याने सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता आणि ती उंची आजही दहा फुटांचीच आहे. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे गोल झाला की शिडी लावून चेंडू काढावा लागे. नियम तेरा. पहिल्या सामन्यात नऊ-नऊ खेळाडू होते आणि एकच गोल झाला.

नेस्मिथच्या श्रद्धेचं याहून चांगलं प्रमाण मला सापडलं नाही. ‘शेजाऱ्याला इजा करू नकोस’ हे त्याने भिंतीवर लिहून ठेवलं नाही, खेळाच्या रचनेतच बसवलं. १८९५ मध्ये होल्योकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गनने वयस्कर व्यापाऱ्यांसाठी मधे जाळीच बांधली; तो व्हॉलीबॉल. अंगाला अंग लागायचा प्रश्नच मिटला.

हे खेळ आपल्याकडे नीट रुजले ते शिक्षकांमुळे. स्प्रिंगफील्डला शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या स्पर्धा पाहून दोराबजी टाटांनी ऑलिंपिकचं स्वप्न धरलं, तेव्हा देशभर खेळाडू शोधायला त्यांना साथ मिळाली ती वायएमसीएच्या डॉ. नोएरेन यांची. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाबरोबर बक होते.

धर्माचं काय, हा प्रश्न मात्र इथे टाळता येत नाही. संस्था ख्रिस्ताचा संदेश द्यायला निघाली होती आणि तिने ते कधी लपवलं नाही. पण भारतात तिच्याच प्रकाशन विभागाने १९१९ मध्ये निकोल मॅकनिकल यांनी इंग्रजीत आणलेले ज्ञानेश्वर, नामदेव, तुकारामांचे अभंग छापले. या प्रकाशनांमागे असलेले फार्क्वार हिंदू धर्माची पूर्ती ख्रिस्तात होते असं मानत. ते मत मला पटत नाही. तरीही ज्याला जिंकायचं त्याचं आधी मन लावून वाचावं, हा शिरस्ता आजच्या धर्माभिमान्यांनी घेण्यासारखा आहे. १९१६ मध्ये के. टी. पॉल हे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाले आणि काम खेड्यांकडे, सहकारी पतपुरवठ्याकडे वळलं.

दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. अमेरिकेत याच संस्थेने काळ्या तरुणांना वेगळ्या शाखांत बसवलं. गुलामीतून सुटलेल्या अँथनी बोवेन यांनी १८५३ मध्ये वॉशिंग्टनला त्यांची पहिली शाखा काढली. वंशभेद सोडण्याचा राष्ट्रीय ठराव व्हायला १९४६ उजाडलं. बारा जणांच्या खोलीत पंथ विसरले गेले, रंग विसरायला मात्र शतक लागलं. तरी त्या वेगळ्या इमारतींतूनही मोठी कामं उभी राहिली. शिकागोच्या वाबाश अव्हेन्यू शाखेत कार्टर वूडसन यांनी १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासाची संस्था स्थापली. बैठकीला जागा मिळाली की माणसं काय करतात, याचा हा पुरावा आहे.

जागेचा हा प्रश्न मुंबईने आपल्या पद्धतीनेही सोडवला होता. धोबीतलावच्या गोवेकरांच्या कूडांत, म्हणजे सामायिक निवासांत, खलाशी, आचारी, वाजंत्री गावाच्या नावाने उतरत आणि संध्याकाळी वेदीपुढे रोझरी म्हणत. कोकणातल्या चाकरमान्यांच्या गावमंडळांच्या खोल्या होत्या. पण तिथे शिरायला गाव लागे. वायएमसीएचं वसतिगृह ज्याचं शहरात कुणीच नाही, त्याच्यासाठी होतं. माझी काळजी तिथेच आहे. आज अनेक शहरांत तिच्या खोल्या प्रवाशांना मिळतात, व्यायामशाळेला वर्गणी असते. जुन्या इमारती राखायला आणि कामं चालवायला पैसा लागतो, हे खरं. पण पुण्याच्या सदाशिव पेठेत मुलं आजही ‘कॉट बेसिस’वर राहतात, आणि घरपोच सामान पोचवणारी पोरं रात्री उशिरा सुटतात तेव्हा त्यांना बसायला पायरीखेरीज जागा नसते. विल्यम्सच्या सोबत्यांची आणि त्यांची स्थिती फारशी वेगळी नाही. म्हणून प्रत्येक शाखेने दरवर्षी एक आकडा जाहीर करावा असं मला वाटतं: आपल्या एकूण खाटांपैकी किती खाटा पहिल्या पगारावर शहरात आलेल्या मुलामुलींना, त्यांना परवडेल अशा भाड्यात दिल्या.