फुटपाथवरच्या पेट्या थेट सुप्रीम कोर्टात
अमेरिकेत फुटपाथवर वर्तमानपत्रांच्या पेट्या असतात ना, त्यांच्यावरून ओहायोतल्या सिनसिनाटी शहराचा खटला थेट सुप्रीम कोर्टात गेला होता! १९९० मध्ये पालिकेनं जाहिरातवजा फुकट मासिकांच्या ६२ पेट्या हटवायला सांगितल्या. कारण दिलं रस्त्याची सुरक्षितता आणि शहराचं देखणेपण. पण वर्तमानपत्रांच्या हजारभराहून जास्त पेट्या तशाच राहणार होत्या. १९९३ मध्ये कोर्टानं ६ विरुद्ध ३ मतांनी पालिकेला अडवलं. पेटीत काहीही असो, ती जागा तेवढीच अडवते! मला हे अगदी पटतं. आकार, जागा, संख्या यांवर नियम जरूर करा, पण सगळ्यांना सारखे. त्याआधी १९८८ मध्ये ओहायोतल्याच लेकवुडच्या महापौरांचा पेट्यांना परवाना देण्या-नाकारण्याचा मनमानी अधिकारही याच कोर्टानं घटनाबाह्य ठरवला होता.