पॉलिमर क्ले कलेची अध्ययनसाधने : मराठी शिक्षणार्थ्याच्या दृष्टीने

‘क्ले’ या एकाच शब्दाने आपल्याकडे शाडू, हवेत वाळणारी माती आणि पॉलिमर क्ले अशा तीन भिन्न पदार्थांचा निर्देश होतो. नवशिक्याची पहिली फसगत येथेच होते. पॉलिमर क्ले ही वस्तुतः मातीच नव्हे. पॉलिव्हिनाइल क्लोराइड आणि त्यास मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर यांचे ते मिश्रण होय. ते वाळून नव्हे, तर उष्णतेने पक्के होते. ‘फिमो’स सुमारे ११०, तर ‘स्कल्पी’स सुमारे १३० अंश सेल्सिअस तापमान लागते. ते फार वाढल्यास पदार्थ करपून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू बाहेर पडतो. सोलापूरच्या चाळीस अंशांवरील उन्हाळ्यात तर उन्हात राहिलेला गोळा भट्टीपूर्वीच अंशतः पक्का होऊ शकतो.

नॅन रोश यांच्या ‘द न्यू क्ले’ (१९९१) या ग्रंथाने या कलेची पद्धतशीर मांडणी केली. पुढे ‘पॉलिमरकॅफे’, ‘द पॉलिमर आर्ट्स’ अशी खास नियतकालिकेही निघाली. मात्र ही सर्व इंग्रजीत. चित्रफितींतून हाताची हालचाल कळते. भट्टीची खूण आणि आतील प्रत्यक्ष तापमान यांत तफावत असते, म्हणून स्वतंत्र तापमापक हवा, हे बहुधा निसटते. रसायनशास्त्र व गृहविज्ञानाच्या प्राध्यापकांनी मिळून मराठी पुस्तिका सिद्ध करणे त्यामुळे अगत्याचे वाटते. परिभाषेची अडचण वाटते तेवढी नाही. ‘कंडिशनिंग’साठी भाकरीच्या पिठाचे ‘मळणे’ चालेल. फक्त पाणी घालायचे नाही, एवढे बजावावे लागेल.