गारठणे, गोठणे आणि करपणे : कुंडीतील ताडवृक्षांची शीतसहिष्णुता

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांचे स्वागतकक्ष, कचेऱ्यांचे जिने आणि सदनिकांचे सज्जे यांतून कुंडीतील ताडवृक्ष सर्वत्र दिसतात. पौष-माघात त्यांची पाने टोकाकडून तपकिरी पडू लागली, की ‘झाडाला थंडी लागली’ असे निदान होते आणि उपाय म्हणून बहुधा पाणी वाढविले जाते. हे निदान कितपत खरे आहे आणि ते व्यक्त करणारे शब्द आपणांस कोठे चकवितात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय वनस्पतिशास्त्राचा खरा. परंतु त्यातील घोटाळ्याचा एक भाग भाषेचा आहे, म्हणून भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम नावाचा प्रश्न घेऊ. मराठीत ताड, माड, पोफळ, शिंदी असे स्वतंत्र शब्द आहेत आणि बोलणाऱ्याच्या मनात हे वृक्षही स्वतंत्र आहेत. ‘पाम’ या उसन्या शब्दाने ते सारे एका पोतडीत घातले. वस्तुतः थंडीच्या बाबतीत त्यांच्यात मोठे अंतर आहे. दख्खनच्या ओढ्याकाठी आपोआप वाढणारी शिंदी गोठणबिंदूच्या खालचेही काही अंश सोसते. कोकणातील पोफळ १० अंश सेल्सिअसखालीच कष्टी होते. रोपवाटिकेतील ‘अरेका पाम’ ही तर दुहेरी फसगत होय. ‘अरेका’ हा शब्द मूळचा मल्याळममधील ‘अडक्का’, म्हणजे सुपारी. पोर्तुगीजांनी तो उचलला, पुढे तो पोफळीच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव झाला, आणि आज तो चिंचवडच्या रोपवाटिकेत परत आला आहे तो मादागास्करच्या एका निराळ्याच वृक्षावर बसून. वनस्पतिशास्त्रज्ञ या वृक्षाला दीर्घकाळ डिप्सिस प्रजातीत गणत आले. अलीकडे त्याला पुन्हा क्रायसॅलिडोकार्पस प्रजातीत ठेवले जाते. त्याचे कुल पोफळीचेच, पण प्रजाती नव्हे. त्याच्या शेजारच्या कुंडीतील केंटिया ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावरची, ऱ्हॅपिस चीनमधील. या दोन्ही जाती मादागास्करच्या वृक्षापेक्षा अधिक थंडी सहन करतात. सारांश, ‘पामला थंडी चालते काय?’ या प्रश्नाला एकच उत्तर संभवत नाही.

आता थंडीने होते काय, ते पाहू. येथे मराठीची संपत्ती उपयोगी पडते. ‘गारठणे’ आणि ‘गोठणे’ ही दोन क्रियापदे आपण सहसा गोंधळत नाही. माणूस गारठतो, पाणी गोठते. वनस्पतिशास्त्रही नेमका हाच भेद करते. गोठल्याने होणारी इजा बर्फामुळे होते : पेशींच्या मधल्या जागेत बर्फ धरतो, तो पेशींतील पाणी बाहेर ओढून घेतो आणि पेशी शुष्क होऊन मरतात. गारठल्याने होणारी इजा बर्फावाचून होते. उष्ण कटिबंधातील अनेक वनस्पतींना ती शून्य ते सुमारे १२ अंशांच्या दरम्यान, म्हणजे गोठणबिंदूच्या बऱ्याच वर, संभवते. पेशीपटलांतील स्निग्ध द्रव्ये एरवी प्रवाही असतात. तापमान उतरले की ती थिजू लागतात. खोबरेल हिवाळ्यात बाटलीत थिजते, त्याची येथे स्थूलमानाने आठवण करावी. पटल थिजले की त्यातील प्रथिनांचे कार्य मंदावते आणि पेशीतील क्षार बाहेर झिरपू लागतात. ही इजा पुष्कळदा लगेच दिसत नाही. काही दिवसांनी ती डागांच्या रूपाने प्रकट होते.

हा भेद आपल्या पट्ट्यात निर्णायक आहे. पुण्याच्या वेधशाळेतील आजवरचे नीचतम तापमान १७ जानेवारी १९३५ रोजीचे १.७ अंश होय. तेव्हा येथील झाड गोठण्याची भीती जवळजवळ नाही. गारठण्याची मात्र आहे, कारण जानेवारीतील सरासरी किमान तापमान ११-१२ अंशांच्या आसपास असते आणि थंडीच्या लाटेत ते आणखी उतरते. परदेशी पुस्तकांतील ‘उणे इतक्या अंशांपर्यंत टिकते’ हे आकडे बहुधा गोठूनही जीव वाचण्याविषयी असतात. पान निर्दोष राहण्याविषयी नव्हेत. कुंडीतल्या शोभेच्या झाडाचे पान हेच सर्वस्व असल्यामुळे हे आकडे येथे दिलासा देत असले, तरी मार्गदर्शन करीत नाहीत.

शिवाय वेधशाळेचे तापमान हे हवेचे असते, पानाचे नव्हे. हिवाळ्यातील निरभ्र, कोरड्या रात्री पान आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकते आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होते. प्रस्तुत लेखकाच्या चिंचवड येथील घरी एके जानेवारीत ‘अरेका’ची एक कुंडी गच्चीवर व दुसरी सज्ज्यात छपराखाली होती. कडाक्याच्या थंडीनंतर आठवडाभराने गच्चीवरील झाडाच्या पानांवर डाग उमटले. सज्ज्यातील झाड निर्वेध राहिले. दोन कुंड्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, आणि गच्चीवर सकाळचे कडक ऊनही होते, हे नमूद केले पाहिजे. परंतु ते ऊनही याच प्रक्रियेचा भाग असू शकते : गारठलेले पान प्रकाश शोषते, पण तो कामी लावू शकत नाही, आणि वायफळ गेलेली ती शक्ती पानालाच जाळते.

तिसरी गोष्ट मुळांची. जमिनीच्या मानाने कुंडीतील माती लवकर थंड होते; थंड मुळे पाणी नीट ओढू शकत नाहीत. वर दुपारची कोरडी हवा, किंवा कचेरीतील वातानुकूलन यंत्राचा झोत, पानांतून पाणी खेचतच असतो. झाड ओल्या मातीत उभे राहून सुकते. आपण ते तहानलेले समजून आणखी पाणी घालतो आणि मुळे कुजतात. ताडवृक्षाला बहुधा प्रत्येक खोडाच्या शेंड्याशी एकच वर्धनशील कोंब असतो. पाने गेली तर परत येतात, तो कोंब गेला की ते खोड संपले.

आता त्या निदानाकडे परत येऊ. ‘थंडी लागली’ या रचनेत, ‘ऊन लागले’, ‘दृष्ट लागली’ यांप्रमाणे, बाहेरून काही तरी येऊन झाडाला बाधते असे गृहीत असते. मुळे, पाणी, माती यांना त्यात स्थान नाही. ‘पाने करपली’ या प्रयोगात तर कारणच उरत नाही. विस्तवाने करपते, उन्हाने करपते, थंडीने करपते. आणि चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा आणणारा शेतकरी ‘करपा’ म्हणतो तेव्हा तो बुरशीजन्य रोगाविषयी बोलत असतो. ‘करपणे’ हा परिणामवाचक शब्द आहे. त्याला कारणवाचक मानले, की उपाय चुकतो.

म्हणून परिभाषेसाठी संस्कृत समास घडविण्यापूर्वी ‘गारठा-इजा’ आणि ‘गोठ-इजा’ हे सरळ शब्द स्वीकारावेत, अशी सूचना करावीशी वाटते. विद्यार्थ्याला त्यांची व्याख्या पाठ करावी लागणार नाही. आणि कुंडी सांभाळणाऱ्यालाही त्यांतूनच वर्तन सुचेल : गारठलेल्याला आडोसा द्यावा, सकाळच्या प्रखर उन्हापासून जपावे, आणि माती चाचपून पाहिल्याखेरीज पाणी देऊ नये.