थंडी, शेत आणि इंदूरचे खत

पृथ्वीच्या उत्तर टोकाकडील प्रदेशांत वर्षातील बहुतेक महिने जमीन दगडासारखी गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थोडासा थर तेवढा सुटतो. खालची माती शतकानुशतके गोठलेलीच राहते. अशा भूमीत भाजीपाला पिकतो असे कोणी सांगितले, तर आपल्या माळव्यातील शेतकरी हसेल. परंतु ही गोष्ट खरी आहे. आणि तिच्यातून आपल्या घरच्या शेतासाठीही शिकण्यासारखे पुष्कळ असल्यामुळे आम्ही आज ती वाचकांपुढे मांडीत आहोत.

अलास्का हा अमेरिकेचा अतिउत्तरेकडील मुलूख. तेथे युकॉन नदीच्या काठी 1888 साली येशूसंघीय मिशनऱ्यांनी होली क्रॉस हे ठाणे वसविले. बाहेरून धान्य येण्याची शाश्वती नसल्यामुळे त्यांनी बटाटे, सलगम, कोबी यांची बाग केली. पुढे 1898 साली अमेरिकन सरकारने जॉर्जसन नावाच्या कृषितज्ज्ञास तेथे धाडले. त्यांच्या देखरेखीखाली उत्तर ध्रुववृत्ताजवळ रॅम्पार्ट येथे 1900 पासून 1925 पर्यंत प्रयोगक्षेत्र चालले व तेथे जव आणि ओट पिकविण्यात आले.

हे साधले कसे? जूनमध्ये तेथे सूर्य जवळजवळ मावळतच नाही. हंगाम तोकडा, पण दिवस लांब. म्हणून पालेभाज्या झपाट्याने वाढतात. 2012 साली अलास्काच्या जत्रेत 62 किलोंहून अधिक वजनाचा एक कोबी तोलण्यात आला! खरी अडचण असते ती गार मातीची. म्हणून तेथील लोक उंच वाफे करतात, रोपे आडोशाला वाढवून मग बाहेर लावतात, आणि लवकर तयार होणारे वाणच निवडतात.

आपल्या देशातील लडाखची स्थितीही अशीच. लेह शहर सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथील पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, आणि पाऊस तर नावालाच पडतो. मात्र ऊन लख्ख असते. त्या उन्हाची साठवण करणे हीच तेथील युक्ती होय. सुमारे तीन फूट खोल चर खणून, त्यात भाजी पेरून, वर प्लास्टिकचा कागद ताणतात; रात्री त्यावर आणखी एक पांघरूण घालतात. भोवतालच्या मातीची ऊब आतच राहते आणि ऐन हिवाळ्यात पालक व कोथिंबीर हाती येते. काही ठिकाणी तीन बाजूंना जाड मातीच्या भिंती आणि दक्षिणेला पारदर्शक पडदा अशी हरितगृहे आहेत. सैन्याच्या संशोधन संस्थेने लेह येथे 1962 पासून या कामी परिश्रम घेतले आहेत. सीमेवरील जवानांच्या ताटात ताजी भाजी पडावी, हा त्यातील हेतू.

आता आपल्या इंदूरकडे वळू. 1924 ते 1931 या काळात सर आल्बर्ट हॉवर्ड येथील वनस्पती संशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी 1931 साली ग्रंथ लिहून जी खतपद्धती जगापुढे ठेवली, ती आजही ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचावेत, ओल राखावी, आणि हवा मिळावी म्हणून तीनदा उलथापालथ करावी. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत तयार होते. या ढिगाच्या पोटात उष्णता सुमारे 65 अंशांपर्यंत चढते. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव कचरा कुजवितात, त्यांच्याच श्वासोच्छ्वासाची ही ऊब. याच उबेवर युरोपातील जुने माळी थंडीत रोपे वाढवीत. पेटीच्या तळाशी घोड्याची ताजी लीद, वर माती आणि त्यावर काच, अशी त्यांची रीत होती.

थंड देशांत ही जिवाणुसेना आळसावते. काडी कुजायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणून तेथे खताचा प्रत्येक कण मोलाचा. लडाखात शेण चुलीला लागते. तेव्हा कोरड्या शौचकूपातील मैला माती-राख मिसळून कुजवितात व शेतात परत नेतात. जमिनीकडून घेतले ते जमिनीला द्यावे, हाच हॉवर्डसाहेबांचाही सिद्धांत होता.

आणि आपण? आपल्याकडे ऊन आहे, ओल आहे, गुरे आहेत. तरीही गहू निघाल्यावर इकडे जिला नरवाई म्हणतात ती खुंटे पेटविण्याची चाल मोडत नाही. त्या जाळात कचऱ्याबरोबर खतही जाते, आणि मातीतील वरच्या थराचे जीवही होरपळतात.

थंडीचा फटका आपल्यालाही चुकलेला नाही. पौषातील निरभ्र, निवांत रात्री हरभरा, वाटाणा, बटाटा व पपई ‘पाल्या’ने करपतात. गार हवा जड असते. ती सखल शेतात साचते. तशी चिन्हे दिसताच सायंकाळी हलके पाणी द्यावे, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक साठविते व रात्री सोडते. कोवळी रोपे गवताने किंवा पोत्यांनी झाकावीत. मात्र सकाळी उन्हासाठी उघडावीत. सखल तुकड्यात नाजूक पीक घेऊच नये.

हिमप्रदेशातील शेतकरी मूठभर ऊब जपून पोट भरतो. ज्या पद्धतीला इंदूरचे नाव लाभले, तिच्या गावच्या शिवारात यंदा तरी नरवाईला काडी न लावता तिचा ढीग रचला जावा, एवढीच आमची वाचक-कुटुंबांना विनंती आहे. पावसाळ्याआधी एका कोपऱ्यात एकच ढीग रचून पाहावा. तीन महिन्यांनी तो स्वतःच साक्ष देईल.